आधी घडीचा नकाशा बघा : जुनी प्रवासाची पुस्तकं जमवू आणि विकू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

ठाण्याच्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागात एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की घरं रिकामी व्हायच्या महिनाभर आधी रद्दीवाल्याच्या टेम्पोच्या फेऱ्या सुरू होतात. पितळेची भांडी, शिवणयंत्र, सागवानी कपाट यांना कुणीतरी नातेवाईक मिळतो. पुस्तकं मात्र सुतळीने बांधून काट्यावर चढतात. त्यात कादंबऱ्या असतात, दिवाळी अंक असतात आणि अधूनमधून एखादं प्रवासाचं पुस्तक असतं. कुणाची काशीयात्रा, कुणाची विलायत, कधी रेल्वेच्या जमान्यातली इंग्रजी मार्गदर्शिका. गेली काही वर्षं मी ही पुस्तकं उचलतो, जमवतो आणि संग्रहात न बसणारी विकतो. आपणही हे करावं असं वाटणारे बरेच जण भेटतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवातीच्या दिवसांतली माझी एक चूक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलो. काश्मीरची एक इंग्रजी मार्गदर्शिका मी डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षकांना विकली होती. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. पानं मोजली होती, सगळी होती. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, "पुस्तक छान आहे हो, पण मागच्या खिशातला नकाशा कुठे आहे?" मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली कागदाची एक आडवी पट्टी मी पाहिली होती. ते फाटलेलं अस्तर असेल असं मी धरून चाललो. तो नकाशा ठेवायचा खिसा होता आणि रिकामा होता. मी पैसे परत केले. त्या दिवसापासून प्रवासाचं पुस्तक हातात आलं की मी पहिल्यांदा मागचा पुठ्ठा उघडतो.

आपला पट्टा ठरवा

'प्रवास' हा शब्द फार मोठा आहे. सगळंच जमवायला गेलात तर वर्षभरात घरात जागा उरणार नाही आणि एकाही विषयाची नीट ओळख होणार नाही. एक छोटा पट्टा धरा. फक्त मराठी प्रवासवर्णनं, फक्त हिमालय, फक्त रेल्वे मार्गदर्शिका, किंवा मला स्वतःला सगळ्यात आवडणारा पट्टा, म्हणजे ज्यांत आपलं गाव येतं ती पुस्तकं.

ठाणेकराला या शेवटच्या पट्ट्यात भरपूर सापडतं. चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा ख्रिस्ती साधू ठाण्याला आला होता. १३२१ मध्ये इथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी त्याने इथून नेल्या. त्याच काळातल्या जॉर्डेनस या साधूचा वृत्तांतही आहे. हेन्री यूल यांनी या दोघांचे वृत्तांत इंग्रजीत आणले आणि जुने प्रवासवृत्तांत छापणाऱ्या लंडनच्या हॅकलूट सोसायटीने ते छापले, जॉर्डेनस १८६३ मध्ये आणि ओडोरिक १८६६ मध्ये. जेम्स फोर्ब्सच्या 'ओरिएंटल मेमॉयर्स' या १८१३ च्या चार खंडांत साष्टीचं, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे त्याचं, वर्णन आणि चित्रं आहेत. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेतला दोन भागांतला तेरावा खंड आणि स्थळांची माहिती देणारा चौदावा खंड. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, त्यामुळे जुन्या रेल्वे मार्गदर्शिकांतही आपलं स्टेशन भेटत राहतं. ही सगळी पुस्तकं मूळ आवृत्तीत तुमच्या हाती लागतील असं नाही. पण कुठे काय आहे हे माहीत असलं तर सुटा पडलेला एक खंडही ओळखता येतो.

मराठीचा पट्टा धरलात तर आवृत्त्या वाचायला शिका. विष्णुभट गोडसे वरसईकरांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, तो मजकुरात बरेच फेरफार करून. मुळाबरहुकूम मजकूर १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांच्या संपादनात आला. म्हणजे १९०७ ची प्रत दुर्मिळ म्हणून हवी आणि १९६६ ची मजकुरासाठी हवी, आणि दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त १८८९ चं आहे. अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चं, पुलंची 'अपूर्वाई' १९६० ची. 'अपूर्वाई'ची नंतरची पुनर्मुद्रणं जागोजागी मिळतात आणि ती वाचायच्या किमतीलाच जातात. पहिल्या आवृत्तीची गोष्ट निराळी.

पुस्तकं मिळतात कुठे

रद्दीच्या दुकानांपासून सुरुवात करा आणि एकाच दुकानात वारंवार जा. दहा दुकानांत एकेकदा गेल्याने काही होत नाही. रद्दीवाल्याला तुमचा चेहरा आणि तुमचा विषय लक्षात राहिला पाहिजे. माल आल्यावर तो वर्तमानपत्रं, वह्या, पुस्तकं वेगळी करतो, त्या वेळी तुम्ही तिथे असलात तर सुतळी सुटायच्या आधीच बघायला मिळतं. किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या. पुढच्या वेळी तो स्वतःहून फोन करतो.

नवी मुंबईकरांना वाटतं की आपलं शहरच सिडकोने सत्तरच्या दशकात वसवायला घेतलेलं, इथे जुनं काय मिळणार. पण वाशी, नेरूळ, सानपाड्यात राहायला आलेली कितीतरी कुटुंबं गिरगाव-दादरहून आली आणि येताना आजोबांचं कपाट घेऊन आली. ती कपाटं आता रिकामी होतायत. सोसायटीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावा, त्याचा उपयोग होतो. मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसपासचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथावरचे विक्रेते आहेतच. मात्र त्यांना पुस्तकाची किंमत कळते, तिथे स्वस्तात काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. पदपथावर अलीकडच्या लोकप्रिय पुस्तकांच्या चोरट्या छपाईच्या प्रतीही असतात. धुरकट छपाई, पातळ कागद आणि गोंदाने चिकटवलेला कणा दिसला की खाली ठेवा.

ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या पुस्तकाबाबत मी एक नियम कडकपणे पाळतो. ग्रंथालयं जुनी पुस्तकं रीतसर काढून टाकतात, त्याला निर्लेखन म्हणतात, आणि तशा पुस्तकावर 'निर्लेखित' किंवा 'रद्द' असा शिक्का असतो. तो शिक्का नसेल तर पुस्तक परत न केलेलं किंवा उचललेलं असू शकतं. अशा वेळी मी ते विकत घेत नाही आणि ग्रंथालय चालू असेल तर तिथे कळवतो.

कुणाच्या घरी बोलावणं आलं तर घाई करू नका. चरईतल्या एका काकूंनी मला यजमानांची पुस्तकं बघायला बोलावलं होतं. दक्षिण भारताच्या प्रवासाचं एक पुस्तक उघडलं तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी होत्या. लेखकाने मदुराईचं वर्णन केलं होतं त्या पानावर लिहिलं होतं, 'आम्ही येथे दोन रात्री. इडली १५ न.पै. देवळात गर्दी कमी.' काकू म्हणाल्या, "अहो, ह्यांनी ते पुस्तक बरोबर नेलं होतं, पानं उलटत उलटत फिरलो आम्ही." त्यांना ते विकायचंच होतं, पण मी म्हटलं, हे एवढं राहू द्या, मुलीला दाखवा आधी. महिन्याभराने मुलीने ते ठेवून घेतल्याचं कळलं. बाकीची चाळीसेक पुस्तकं मी घेतली आणि प्रत्येकाची किंमत कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली. एकगठ्ठा रक्कम सांगून मोकळं होऊ नका. ज्यांना किंमत माहीत नाही त्यांना ती सांगणं आपलं काम आहे.

हातात घेऊन तपासणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रवासाच्या पुस्तकात तीन गोष्टी हमखास गहाळ होतात. घडीचे नकाशे, कारण लोक ते फिरायला घेऊन जातात. चित्रं, कारण ती कापून चौकटीत घालून विकली जातात. आणि वेष्टण, म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं छापील कव्हर.

आधी अनुक्रमणिका आणि चित्रसूची उघडा. चित्रांच्या पानांना बहुधा पृष्ठांक नसतो, त्यामुळे नुसती पानं मोजून काही कळत नाही. सूचीतलं एकेक चित्र पुस्तकात बोट ठेवून शोधा. कापलेल्या चित्राच्या जागी शिवणीजवळ कागदाची बोटभर चिंधी उरते. नखाने हलकेच चाचपलं की लागते. नकाशा असला तर तो टेबलावर उलगडा, हवेत धरून कधीच नाही. घड्यांच्या चौफुल्यांवर भोकं पडलीत का ते उजेडासमोर बघा.

मग फर्मे बघा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा, असे जुडगे शिवून पुस्तक होतं. जुन्या मराठी पुस्तकांत दर सोळा पानांनी, म्हणजे १, १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी एक बारीक आकडा छापलेला असतो. तो फर्म्याचा क्रमांक. हे आकडे ओळीने लागले तर फर्मा गळलेला नाही. बाइंडरने पुन्हा बांधताना फर्मे उलटसुलट लावलेली पुस्तकं मी पाहिलीत. पानं सगळी होती, पण ४८ नंतर थेट ६५ आणि ४९ ते ६४ ही पानं त्याच्याही मागे. पुन्हा बांधताना कडा किती कापल्या आहेत तेही बघा. समास फारच अरुंद दिसला तर वरची ओळ अर्धवट कापली गेलेली असू शकते.

घरी चढवलेलं कव्हर काढून बघायला विसरू नका. आपल्याकडे पुस्तकाला खाकी कागदाचं नाहीतर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायची पद्धत होती. त्याच्या आत मूळ वेष्टण कोरं करकरीत निघालेलं मी कितीदा अनुभवलंय. कॅलेंडरच्या कागदाच्या आतल्या बाजूला साल दिसलं तर तेही टिपून ठेवा. पुस्तक त्या सालानंतरच कधीतरी त्या घरात कव्हर घालून घेतलं गेलं, एवढं नक्की.

छापल्याचं साल कसं ओळखायचं

साल छापलेलं असेल तर प्रश्न नाही, फक्त ते शके आहे की इसवी हे बघा. शकात ७८ मिळवा. वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत, ७९. शके १८२९ म्हणजे १९०७, नाहीतर १९०८ चे पहिले महिने.

साल नसेल, पहिली पानं गेलेली असतील, तर पुस्तक स्वतःच बोलतं. 'सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणे रजिस्टर' असा मजकूर असेल तर ते त्या कायद्यानंतरचं. किंमत रुपये-आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' किंवा 'न.पै.' असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. काकूंच्या यजमानांची ती मदुराईची सहल मी याच खुणेवरून त्या काळातली धरली. प्रकाशकाच्या पत्त्यात 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. शुद्धलेखनही सांगतं. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार असतील तर साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांआधीची छपाई असण्याचा संभव मोठा. मात्र जुन्या वळणाचे लेखक आणि छापखाने पुढेही काही वर्षं तसंच छापत राहिले, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा जुळू द्या.

इंग्रजी पुस्तकांत एक मोठा चकवा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासग्रंथांची भारतात गेल्या चाळीसेक वर्षांत पुनर्मुद्रणं निघाली आणि त्यांत मूळ मुखपान, म्हणजे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव असलेलं आतलं पान, जसंच्या तसं छापलेलं असतं. मुखपानावर १८१३ दिसतं म्हणून पुस्तक १८१३ चं होत नाही. पान उलटून मागे पुनर्मुद्रणाचं साल आहे का ते बघा, कागद हाताने चाचपून बघा. ही पुनर्मुद्रणं वाचायला उत्तम आहेत, फक्त ती पुनर्मुद्रणं म्हणूनच विका.

मराठी पुस्तकाबद्दल शंका असेल तेव्हा शंकर गणेश दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ला पर्याय नाही. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० ची पुस्तकं आहेत. ठाण्यात राहून या नादाला लागणाऱ्याने १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हावं. तुमच्या अपुऱ्या प्रतीशेजारी पूर्ण प्रत ठेवून बघता आली तर अर्धं काम तिथेच होतं.

पावसाळा आणि कसर

ठाण्याची हवा पुस्तकाला मानवत नाही. जून ते सप्टेंबर कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. नवीन आलेलं पुस्तक थेट कपाटात घालू नका. मी ते आधी महिनाभर वेगळ्या खोक्यात ठेवतो. कसर किंवा किड्याचा संशय असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं. बुरशी आली असेल तर सावलीत वाळवून, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने गॅलरीत झाडा. आजी पोथ्यांत वेखंड ठेवायची, मीही कपाटात ठेवतो. डांबरगोळ्या ठेवत नाही, वास वर्षानुवर्षं जात नाही.

सेलोटेप कुठेही, कधीही लावू नका. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. फाटलेल्या नकाशाला मागून पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते. तीही जमत नसेल तर तसाच राहू द्या.

किंमत आणि वर्णन

ऑनलाइन कुणीतरी पाच हजार मागतोय म्हणून पुस्तक पाच हजारांचं होत नाही. ते वर्षभर तिथेच पडलेलं असतं. खरोखर कितीला गेलं ते शोधा, इतर विक्रेत्यांना विचारा, आणि आपली प्रत त्या प्रतीइतकी पूर्ण आहे का ते बघा. नकाशा नसलेली मार्गदर्शिका मी पूर्ण प्रतीच्या पाव किमतीला लावतो. जुनं आहे म्हणून महाग, हा समज सोडून द्या. शंभर वर्षांपूर्वीची कितीतरी पुस्तकं आज कुणालाच नको आहेत आणि १९६० च्या काही पुस्तकांसाठी लोक शोधत फिरतात.

वर्णन लिहिताना दोष आधी लिहा. माझं एक वर्णन असं होतं : 'पहिली आवृत्ती, किंमत अडीच रुपये छापलेली. वेष्टण नाही. १६ चित्रांपैकी १५ आहेत, पान ८० समोरचं नाही. घडीचा नकाशा आहे, एका घडीवर दोन इंच फाटलेला. मुखपानावर शाईने जुन्या मालकाचं नाव. शेवटच्या वीस पानांना वरच्या कोपऱ्यात कसरीची भोकं, मजकूर शाबूत. बांधणी घट्ट.' हे पुस्तक दुसऱ्याच दिवशी गेलं. 'सुस्थितीत' हा शब्द मी वापरत नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि फाटलेल्या जागेचा फोटो पहिल्या तिनात असू द्या.

एक वही ठेवा. कुठून घेतलं, कितीला, काय तपासलं, कुणाला दिलं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, पण प्राप्तिकराला हिशेब लागतोच. शिवाय वर्षभराने कुणी विचारलं तर सांगता येतं.

पाठवणी आणि कायदा

पुस्तक आधी प्लॅस्टिकमध्ये, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, मग खोकं. कोपरे चेपतात ते पुठ्ठा पुस्तकाच्या मापाचा घेतल्यामुळे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे होते. त्यात कुठली पुस्तकं बसतात याचे नियम आहेत, ते खिडकीवर विचारून घ्या. मौल्यवान प्रत असेल तर स्पीड पोस्टने विमा उतरवून पाठवा.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याची ओळख पहिल्याच दिवशी करून घ्या. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल आणि ऐतिहासिक महत्त्वाची इतर वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून मोडीतली यात्रेची वही किंवा कुणाची हस्तलिखित रोजनिशी गठ्ठ्यात आली तर ती विकायला काढू नका. पुरातत्त्व खात्याला किंवा संशोधन संस्थेला दाखवा. शंभरी ओलांडलेल्या छापील पुस्तकांचा नियमित व्यवहार करायचा असेल तर आधी खात्याकडे लेखी विचारा, आणि परदेशातून मागणी आली तर उत्तर हातात आल्याशिवाय पाकीट बंद करू नका.

पुस्तक परत आलं तर परत घ्या. मी पंधरा दिवसांची मुदत देतो आणि दोष माझ्या नजरेतून सुटलेला असेल तर येण्या-जाण्याचं टपालही भरतो. डोंबिवलीच्या त्या सरांनी पैसे परत घेतले, पण मार्गदर्शिका परत पाठवली नाही. म्हणाले, नकाशा मी शोधतो. दीड वर्षाने त्यांना दुसऱ्या एका मोडक्या प्रतीतला तोच नकाशा मिळाला. त्यांनी मला बोलावून घेतलं, दोघांनी मिळून तो जेवणाच्या टेबलावर उलगडला, घड्या नीट केल्या आणि खिशात सरकवला. मग त्यांनी आत पेन्सिलीने लिहिलं, 'नकाशा दुसऱ्या प्रतीतून', आणि खाली तारीख टाकली.